कारी चार

यादोजी मास्तर काळीला कारी म्हणत.
पांढरी एक, पांढरी तीन, कारी चार.
तिन्ही एकदम दाब, पोरी,
अन् मी सांगेपर्यंत सोडू नको.

सोडलं नाही.
वडशाहून निघालेल्या गाडीत
पडद्यांच्या गुंडाळ्या आणि तलवारींच्या पेटाऱ्यामध्ये बसून
मांडीवरच्या कीबोर्डातून
मी तो आवाज खड्ड्याखड्ड्यांवरून नेला.
पाव्हणा उंबरठ्यावर उभा,
आत येतो म्हणेना, जातो म्हणेना,
तसा.

"पंचम अर्धा चढवला का असं होते.
ऑगमेंटेड म्हणतेत त्याले.
नागपूरच्या एका बँडवाल्यानं मले सांगतलं,
दोन कप चहावर.
पुढचं सांगाले तो तिसरा मागे,
माझ्यापाशी पैसे नोयते."

म्हणून पुढचं आम्हीच शोधायचं होतं.
एका दुपारी मी गंधारापासून सुरुवात केली:
पांढरी तीन, कारी चार, वरचा सा.
नवीन सापडला, मास्तर!
ते भात कालवत होते. हसले नाहीत.
बोटं पाय, म्हणाले.
बोटं त्याच पट्ट्यांवर होती.

पलीकडे कापलेल्या बांधीत
कंपनीची स्वयंपाकीण गिरजाबाई
तीन धोंडे मांडत होती.
मास्तरांनी हाक मारून विचारलं,
यातला पयला कोणता वं?
ती म्हणाली, ज्याच्यावर माझा अंगठा ठेचला, तो.

रात्री मोजून पाहिलं.
बारा पट्ट्यांत अशा चुली चारच.
पाचवी मांडायला जावं
तर पहिलीचीच राख हाताला लागते.
आणि हेही कळलं
की कोणताही एक धोंडा अर्ध्या पावलानं खाली सरकवला
की लग्नघर,
वर सरकवला
की त्याच घरातून कुणी उठून गेलेलं.
कोणताही.
मला त्या रात्री झोप लागली नाही,
मच्छरही होते.

मोहटोल्याच्या मंडईत मास्तरांना ताप.
तिसरा अंक माझ्यावर.
रंजू कोवेनं पत्र फोडलं,
आणि मी तीन बोटं ठेवली.
नाव वाचेपर्यंत सोडायचं नाही,
तिनंही नाव लांबवलं,
तणसावर बसलेलं अख्खं गाव
चादरीतून मान काढून.

आणि जनरेटर गेला.

एवढा अंधार, की मोहाच्या झाडाचाही आकार गेला.
माझी बोटं अजून दाबलेलीच.
पट्ट्यांतून काही येत नव्हतं
आणि तरी तो आवाज तिथेच होता,
माझ्या कानात नाही,
बांध्यांवर, लोकांच्या मधल्या जागेत.
कुणी खोकलं नाही.
मग मागून, घोंगडीच्या आतून,
एका म्हाताऱ्याचा आवाज:

"मंग?"

ऑगमेंटेडला आपल्यात काय म्हणतात
असं कुणी विचारलं
तर मी तोच शब्द सांगते.

दिवे आले.
कीबोर्ड व्हायोलिन विसरून पियानोवर आला होता.
रंजूनं नाव वाचलं.
माझं एक बोट हललं,
पण कोणतं, खाली की वर,
हे मास्तर अजून विचारतात
आणि मला अजून आठवत नाही.
पुढे बसलेली एक बाई पदरानं डोळे पुसत होती, एवढं दिसलं.
पण ती तर
पडदा उघडल्यापासूनच पुसत होती.